गाडीचं मिसिंग सापडलंच नाही, तरी बिल आलं: किती भरायचं आणि कसं मागायचं

चढावर पिकअप मिळत नाही, सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, मधूनच बारीक झटके बसतात आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. मेकॅनिकच्या भाषेत 'गाडी मिसिंग करतेय'. आपण ती कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला देतो. तिथे स्कॅनर लागतो, इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग बदलतात, त्यांना वीज पुरवणाऱ्या कॉइल बदलतात, गाडी धुऊन मिळते. आठवड्याभरात मिसिंग पुन्हा सुरू होतं, पण बिल तोवर भरून झालेलं असतं.

मी या चक्रातून गेलो आहे आणि शेवटी पैशांचा काही भाग परतही मिळवला आहे. हा लेख पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरता आहे. डिझेलचं गणित वेगळं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण बहुतेक भांडणं इथेच चुकीच्या दिशेला जातात. दोष सापडला नाही म्हणून तपासणीचे पैसे द्यायचेच नाहीत, ही भूमिका न्याय्य नाही. रक्त तपासलं आणि आजार निघाला नाही तरी आपण लॅबचे पैसे देतो, पण रिपोर्ट हातात घेऊन. गाडीचंही तसंच आहे. अधूनमधून येणारं मिसिंग पकडणं खरोखर अवघड असतं आणि मेकॅनिकच्या वेळेला मोल आहे. मात्र त्या वेळात काय तपासलं, आकडे काय आले आणि कोणती शक्यता बाद झाली, हे लेखी मिळालं पाहिजे. ते मिळालं तर पैसे द्या. ते न देता नुसते अंदाजाने पार्ट बदलले असतील, तर त्या पार्टचे पैसे तुमच्या माथी मारू देऊ नका.

१. दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका

पिवळा दिवा नुसता लागून राहिला असेल तर गाडी सावकाश सर्व्हिस सेंटरपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर मिसिंग इतकं वाढलेलं असतं की न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं. त्या उष्णतेने कन्व्हर्टरची आतली जाळी वितळू शकते आणि मग प्लग-कॉइलच्या खर्चाच्या कितीतरी पट खर्च समोर येतो. शिवाय उद्या वाद झालाच तर 'तुम्ही तशीच चालवलीत' हे समोरच्याचं पहिलं वाक्य असेल. गाडी टो करून न्या. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर टोइंगचे वेगळे पैसे बहुधा लागत नाहीत. निघण्याआधी दिवा आणि किलोमीटरचा आकडा एकत्र दिसेल असा व्हिडिओ काढून ठेवा.

२. गाडी देण्याआधी घरी करायची नोंद

सर्व्हिस ॲडव्हायझरला 'गाडी झटके मारते' एवढंच सांगितलं तर जॉब कार्डवरही, म्हणजे गाडी सोडताना भरतात त्या कामाच्या कागदावरही, तेवढंच उतरतं. पुढे मेकॅनिक गाडी गरम झालेली असताना सपाट रस्त्यावर एक फेरी मारतो आणि 'ओके' लिहून मोकळा होतो. म्हणून खालच्या गोष्टी आधी कागदावर लिहा:

- मिसिंग थंड इंजिनवर होतं की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत, चढावर, की ठरावीक वेगाला?
- एसी लावल्यावर वाढतं का?
- पाऊस झाल्यावर किंवा इंजिन धुतल्यावर सुरू झालं का?
- सीएनजी असेल तर फक्त सीएनजीवर होतं, फक्त पेट्रोलवर, की दोन्हीवर?
- शेवटचं पेट्रोल कुठे भरलं? त्यानंतरच सुरू झालं का?
- त्याआधी गाडीचं कोणतं काम झालं होतं?

सीएनजीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याच्या उत्तराने अर्धी तपासणी घरीच होते. फक्त सीएनजीवर मिसिंग असेल तर आधी गॅसचे इंजेक्टर, रेग्युलेटर आणि गॅसचा फिल्टर पाहायचा. सीएनजी पेटवायला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळे प्लग किंवा कॉइल जराशी कमजोर असली तरी ती आधी सीएनजीवर उघडी पडते. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर आणि पंप. दोन्हीवर असेल तर प्लग, कॉइल, वायरिंग, हवेची गळती किंवा थेट कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब.

पावसाळ्यात आणखी दोन संशयित असतात. एक उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते उबेसाठी बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. दुसरं पेट्रोलमध्ये गेलेलं पाणी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. पेट्रोलचा नमुना पारदर्शक बाटलीत काही वेळ ठेवला की दोन थर दिसतात.

जमल्यास गाडीचे दोषकोड वाचणारं ब्लूटूथचं छोटं ओबीडी यंत्र घ्या. काही शे रुपयांत मिळतं, स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लागतं आणि मोबाइलवर कोड दाखवतं. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (मिसिंगचंच दुसरं नाव), पी०३०२ म्हणजे दुसऱ्या, असं पुढे. पी०३०० म्हणजे मिसफायर एका ठरावीक सिलिंडरपुरता नाही. कोडचा स्क्रीनशॉट घ्या, पण कोड पुसू नका. त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम, इंजिनचं तापमान, लोड वगैरे. कोड पुसला की तीही जाते.

३. वॉरंटी पाहा

मूळ किंवा वाढीव वॉरंटी चालू असेल तर वॉरंटीच्या पुस्तिकेत इग्निशन कॉइल, इंजेक्टर आणि सेन्सर यांच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. प्लग सहसा झिजणाऱ्या वस्तूंत धरले जातात, कॉइल बहुधा नाही. दोष वॉरंटीतला निघाला तर तपासणीची मजुरी कोणी द्यायची, हे गाडी सोडतानाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर त्यावरून वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता धरून चला.

४. जॉब कार्डवर काय लिहून घ्यायचं

पुढे काहीही झालं तरी सगळे पहिल्यांदा याच कागदाकडे पाहतात. सही करण्याआधी दहा मिनिटं द्या, मागे रांग असली तरी. मी आता हा मजकूर मोबाइलमध्ये तयार ठेवतो:

*तक्रार: सकाळी थंड इंजिनवर पहिली पाच मिनिटं मिसिंग, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर. चेक इंजिन दिवा लागलेला. काम: फक्त तपासणी. तपासणीची मजुरी करासह जास्तीत जास्त ____ रुपये. त्यापुढचा खर्च किंवा कोणताही पार्ट बदलणे मालकाच्या लेखी संमतीनंतरच. कोड, फ्रीझ फ्रेम व चाचण्यांचे आकडे लेखी द्यावेत. काढलेले जुने पार्ट परत द्यावेत.*

'सिस्टीममध्ये एवढं लिहायला जागा नाही' असं उत्तर मिळेल. मग प्रिंट काढलेल्या जॉब कार्डावर हाताने लिहा आणि ॲडव्हायझरची सही घ्या. सही द्यायला तयार नसतील तर तिथूनच सर्व्हिस सेंटरच्या ईमेलवर हाच मजकूर गाडी नंबर आणि जॉब कार्ड नंबरसह पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवलात तरी ईमेल कराच. ॲडव्हायझर नोकरी सोडून गेला की त्याचा व्हॉट्सॲपही त्याच्यासोबत जातो.

'फक्त तपासणी' हे दोन शब्द सर्वांत मोलाचे. 'चेक अँड रिपेअर' असं छापलेलं असेल आणि त्याखाली तुमची सही असेल, तर 'दुरुस्तीला तुम्हीच परवानगी दिली होती' असं म्हणायला जागा राहते.

५. पैसे मोजताय ती तपासणी कशी असते

तुम्हाला मेकॅनिक व्हायचं नाही, पण चाचण्यांची नावं ओळखीची हवीत. समोरच्याला कळलं की तुम्ही आकडे मागणार आहात, तर कामाची पद्धतच बदलते.

इंजिन मिसफायर ओळखतं ते क्रँकशाफ्टच्या वेगावरून. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला एक ढकल मिळते. एखादी ढकल कमी पडली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, तो सिलिंडर नोंदवतो. म्हणजे कोड सांगतो 'तिसऱ्या सिलिंडरने काम केलं नाही'. का नाही केलं, ते सांगत नाही. कारण ठिणगी असेल, पेट्रोल असेल, हवा असेल किंवा दाब. 'स्कॅनरने कॉइल दाखवली' असं कोणी म्हणालं तर कोडचा नंबर विचारा. पी०३०३ असेल तर स्कॅनरने कॉइलचं नावही घेतलेलं नाही.

कोड एका सिलिंडरचा असेल आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर पहिली चाचणी अदलाबदलीची. तिसऱ्याची कॉइल पहिल्याला लावायची, पहिल्याची तिसऱ्याला, आणि गाडी चालवून पाहायची. कोड पी०३०१ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल खराब. पी०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग हेच प्लगबाबत आणि हाताला लागत असेल तर इंजेक्टरबाबत. याला नवा पार्ट लागत नाही. ही चाचणी न करता चारही कॉइल बदलण्याचा सल्ला आला तर थांबा. जुन्या काही गाड्यांत एक कॉइल दोन सिलिंडरना ठिणगी देते. तिथे कोड जोडीने येतात, बहुतेकदा १ आणि ४ किंवा २ आणि ३.

त्यानंतर फ्युएल ट्रिम. ईसीयू पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय, याचा हा टक्क्यांतला आकडा. उभ्या गाडीत तो बराच अधिक आणि आरपीएम वाढवल्यावर खाली येत असेल, तर कुठूनतरी जादा हवा शिरतेय. फाटलेली व्हॅक्यूम पाइप, इनटेकचं गॅसकेट असं काहीतरी. उलट आरपीएम वाढवल्यावर आकडाही चढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. पंपाचा दाब गेज लावून मोजायचा.

शेवटी कॉम्प्रेशन. सगळ्या सिलिंडरचे आकडे एका कागदावर हवेत. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा ठळकपणे कमी असेल तर त्यात थोडं इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा वर आला तर संशय पिस्टन रिंगवर, तसाच राहिला तर व्हॉल्व्हवर. सीएनजीवर बरीच चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट झिजल्याने टॅपेटचं (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचं) अंतर कमी होतं आणि व्हॉल्व्ह नीट बसत नाही, म्हणून तिथे टॅपेट तपासून घ्याच.

वायरिंग मात्र डोळ्यांनी आणि मल्टिमीटरनेच पाहावं लागतं. माझ्या गाडीचा दोष अखेर तिथेच निघाला. इंजेक्टरच्या कनेक्टरमागे वायरचं आवरण शाबूत होतं, पण आतली तार तुटलेली होती. इंजिन हललं की ती कधी टेकायची, कधी सुटायची. एका छोट्या गॅरेजच्या उस्तादांनी इंजिन चालू ठेवून एकेक वायर हाताने हलवली आणि तिसऱ्या वायरला मिसिंग सुरू झालं. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये हे कौशल्य नसतं असं नाही. तिथे दिवसाला इतक्या गाड्या काढायच्या असतात की एका गाडीपाशी तासभर उभं राहण्याची मुभा मेकॅनिकला क्वचितच मिळते.

६. 'हा पार्ट बदलावा लागेल' असा फोन आला तर

तीनच प्रश्न विचारा. कोणत्या चाचणीवरून ठरवलं? अदलाबदल करून पाहिलं का? पार्ट बदलूनही मिसिंग राहिलं तर तो पार्ट काढून पैसे परत मिळणार का?

तिसऱ्या प्रश्नाला सहसा 'इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही' असं उत्तर येतं. ते खरं असेल, तरी त्याचा अर्थ असा की त्यांच्या अंदाजाचा धोका तुम्ही उचलायचा. स्टोअरमधली किंवा दुसऱ्या गाडीची चांगली कॉइल तात्पुरती लावून पाहा, असा आग्रह धरा. अनेक ठिकाणी हे करतात, फक्त मागावं लागतं. फोनवर 'हो' म्हणू नका. 'मेसेज करा, उत्तर देतो' म्हणा.

प्लग त्यांच्या ठरलेल्या किलोमीटरच्या पुढे गेले असतील तर खुशाल बदलून घ्या, ते तसेही बदलायचेच होते. त्यावर नंतर भांडण्यात अर्थ नाही.

७. गाडी ताब्यात घेताना

मिसिंग थंड इंजिनवर येत असेल तर संध्याकाळी गाडी घेऊ नका. रात्रभर तिथेच राहू द्या आणि सकाळी तुमच्यासमोर पहिल्यांदा सुरू करायला सांगा. ट्रायलला मेकॅनिकला शेजारी बसवा आणि गाडी स्वतः चालवा. दोष आला तर तिथल्या तिथे जॉब कार्डवर 'तक्रार कायम' लिहून घ्या. आला नाही तर 'दोष आढळला नाही' असं लेखी घ्या, आणि त्याच तक्रारीसाठी पुन्हा आल्यास तपासणीची मजुरी लागणार नाही, हेही. बहुतेक वर्क्स मॅनेजर हे मान्य करतात.

८. बिल वाचायचं कसं

बिल तीन भागांत वेगळं करा.

तपासणीची मजुरी: ठरलेल्या मर्यादेत असेल आणि आकडे मिळाले असतील तर भरा.

संमती देऊन बदललेले पार्ट: भरा. चुकीच्या निदानावरून संमती घेतली असेल तर पुढे परतावा मागता येतो, पण दुसऱ्या गॅरेजचा लेखी अभिप्राय लागतो.

संमतीशिवाय बदललेले पार्ट आणि न मागितलेली कामं: थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, फ्युएल ॲडिटिव्ह. मिसिंगच्या बिलात ही हमखास दिसतात. ती काढायला सांगा. मजुरीवर १८ टक्के जीएसटी असतो, तेव्हा ओळ कमी झाली की तिच्यावरचा करही कमी झाला का ते बघा. बिल आधीच बनलंय म्हणाले तर क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद, मागा.

९. पैसे भरल्याशिवाय गेट पास देत नसतील तर

इथे आवाज चढवून फायदा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, ज्याने तुमच्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य लावून ठरलेलं काम केलं आहे त्याला त्या कामाच्या मोबदल्यासाठी वस्तू अडवून ठेवता येते. काम ठरल्याप्रमाणे झालंच नाही, असा वाद तुम्ही घालू शकता, पण तो गेटवर सुटत नाही आणि तोवर गाडी त्यांच्याकडे राहते.

पैसे भरा, पण हरकत नोंदवून. बिलाच्या त्यांच्या प्रतीवर सहीजवळ लिहा: 'तक्रार कायम. अमुक ओळींवर हरकत राखून, गाडी सोडवण्यासाठी रक्कम भरली.' लिहू देत नसतील तर पैसे देण्याच्या काही मिनिटं आधी हेच ईमेलने पाठवा. रोख देऊ नका, यूपीआय किंवा कार्ड वापरा. 'काम समाधानकारक झाले' असं छापलेल्या फॉर्मवर आणि फीडबॅकच्या फोनवर समाधान नोंदवू नका. वादात तेच तुमच्यासमोर ठेवलं जातं.

१०. दुसऱ्या गॅरेजकडून निदान

दोष दुसरीकडे सापडला तर जीएसटी बिल घ्या आणि लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्या: गाडी नंबर, किलोमीटर, काय दोष होता, कोणत्या चाचणीने सापडला, आणि आधी बदललेल्या पार्टचा त्याच्याशी संबंध होता का. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा फोटो घ्या. खराब पार्ट पिशवीत घालून जपून ठेवा. उस्ताद लिहायला कचरत असतील तर मजकूर तुम्ही लिहून न्या आणि त्यांच्याकडून तपासून सही-शिक्का घ्या.

११. पैसे परत मागणं

आधी सर्व्हिस सेंटरच्या वर्क्स मॅनेजरला ईमेल करा, प्रत कार कंपनीच्या ग्राहक विभागाला. त्यात राग नको, आकडा हवा: 'बिलातील अमुक दोन ओळींचे करासह इतके रुपये पंधरा दिवसांत परत करावेत.' माझे पैसे याच टप्प्यावर सुटले, कारण जॉब कार्डवर 'फक्त तपासणी' लिहिलेलं होतं आणि कॉइल बदलायला मी संमती दिल्याचं त्यांना दाखवता आलं नाही.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. इथे मराठीतही बोलता येतं. तक्रार कंपनीकडे पाठवली जाते आणि बरीच प्रकरणं तडजोडीने मिटतात, पण हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. सल्ला हवा असेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेली ग्राहक पंचायत असो की १९७५ पासूनची मुंबई ग्राहक पंचायत, अशी प्रकरणं त्यांना नवी नाहीत.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतली त्रुटी हे तक्रारीचं कारण आहे. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, सर्व्हिस सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणाऱ्यालाही ग्राहक म्हणून दाद मागता येते, तेव्हा 'गाडी पिवळ्या पाटीची आहे' म्हणून कोणी परतवलं तर मागे हटू नका.

सोबत लागणारे कागद:

- आरसी आणि ओळखपत्राची प्रत
- जॉब कार्ड, एस्टिमेट, बिल, पैसे भरल्याची पावती
- कोडचे स्क्रीनशॉट आणि दिव्याचे व्हिडिओ, मूळ मोबाइलमध्ये न पुसता
- ईमेल आणि मेसेज, तारखेनुसार लावलेले
- दुसऱ्या गॅरेजचा अभिप्राय, बिल, फोटो
- जुने पार्ट
- परताव्याची लेखी मागणी आणि ती पोचल्याचा पुरावा

मागणीत बिलाचा परतावा, टोइंगचा खर्च, दुसऱ्या गॅरेजची फक्त तपासणीची मजुरी आणि तक्रारीचा खर्च वेगवेगळा लिहा. दोष खरोखर दुरुस्त झाला त्या पार्टची किंमत यात घालू नका, तो खर्च तुम्हाला कुठेही करावाच लागला असता. सर्व्हिस सेंटर आणि कार कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा. कंपनी 'डीलर स्वतंत्र आहे' म्हणेल. ते म्हणणं किती खरं, हे त्या दोघांमधला करार पाहून आयोग ठरवेल, तुम्ही आधीच कोणाला वगळू नका.